पंचेचाळीस चौरस

गुरुवार, दिवेलागणीची वेळ

अजून जीव थाऱ्यावर नाही. बडी मॅडम आज मुद्दाम तासाला येऊन बसल्या, मला कायम करायचं की नाही ते ठरवायला. नागपूरहून इकडे उत्तरेत येऊन दोन वर्षं झाली, तरी ‘आपकी हिंदी कच्ची है’ हे त्यांचं पालुपद सुटत नाही.

क्षेत्रफळ शिकवायचं म्हणून तिसरीच्या मुलांना शाळेच्या अंगणात नेलं. एका ओळीत आठ फरश्या, अशा सहा ओळी. म्हटलं, “पहले चौरस गिनो, फिर गुणा करके मिलाओ.” बाकीच्यांनी सरळ गुणाकारच केला, अठ्ठेचाळीस. पंचगंगा घाटावरच्या नावाड्याची गुडिया मात्र एकेक मोजत बसली. पंचेचाळीस!

“मैडम, आपने जो बोला, वही गिने हैं.”

“ज़बान मत लड़ाओ!” सगळ्यांदेखत ओरडले मी. मॅडमना दाखवायला? हो, त्यांनाच दाखवायला.

आत्ता घरमालकीण म्हणाली, “मिस्त्री बुलाया है, आँगन चौरस करवाना है.” मी म्हटलं, अंगण तर चौरसच आहे की! ती हसली. “अरे, चौरस माने समतल. पानी रुकता है न.”

चौरस म्हणजे सपाट. शाळेच्या अंगणात नळाजवळच्या तीन फरश्या खचल्यात. पोरीने तेवढ्याच सोडल्या.

उद्या हे वर्गात सांगायला हवं, मॅडमसमोरच. आणि मग नोकरी?

शाळा सुटल्यावर गुडिया नळापाशी एकटीच उभी होती. त्या तीन फरश्यांवर पुन्हा पुन्हा पाय ठेवून बघत होती. मला वाटलं, पाण्यात खेळतेय.

तेव्हाही मी ओरडलेच.