कारभारीनानांच्या नावानं

पारनेर, ५ जानेवारी २०२६

॥ श्री ॥

चि. दिशास आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू म्हनतीस, मोबाईल घे न् चार शब्द टाक. पोरी, मला ऐकायला येत न्हाई हे खरं, पन लिहायला येतं, सातवी झालीय मी. त्या बारक्या अक्षरांवर बोट एकीकडं पडतं न् उमटतं भलतंच. कागदच बरा. भिंगारच्या पोस्टमनला तेवढाच हेलपाटा.

हुरडा आलाय. भोरड्यांचे थवेच्या थवे ज्वारीवर पडत्यात. तुझे मामा असते तर मला गोफनीला हात लावू दिला नसता. लांबून आलेली पाव्हनी हायेत, खातील न् जातील, असं म्हनायचे. दिवाळीनंतर हे गेले तवापासनं मीच गोफन खुंटीवरनं काढली न्हाई.

आता सांगते, रागवू नको. मोबाईलवरच्या ह्यांच्या पाखरांच्या ग्रुपाला मी अजून सांगितलंच न्हाई. पार नागपूरपासनंची मानसं हायेत त्यात. दर रविवारी ज्यानं त्यानं आपल्या पान्याच्या जागी जायचं, फोटो न् आवाज धाडायचा, हा नेम. आमच्यात वाटनी हुती. कान ह्यांचे, डोळे माझे. पाखरू बोललं की हे बोट दावायचे, न् मी ते बाभळीतनं हुडकून काढायची. आधी चोच बघा, मग शेपटी, रंगाला भुलू नका, हे त्या ग्रुपानंच शिकवलं. देवळाली प्रवऱ्याची सत्यशीला तर ह्यांना भाऊ मानती. तोंड पाहिलं न्हाई कधी, पन दरसाल राखी पोस्टानं येती. तिला काय म्हनून लिहू?

म्हनून मीच ह्यांच्या नावानं फोटो धाडते. ते लिहित्यात, वा नाना, शाब्बास नाना. तेवढ्या एका जागी हे अजून जित्ते हायेत गं. तिथं सांगितलं की तिथनंबी जातील.

पन आता लोक विचारायला लागले, नाना, नुसते फोटोच का, आवाज कुठाय? म्हनून काल पाझर तलावावर गेले, मोबाईल चालू करून दगडावर ठेवला न् शेजारी बसले. पाखरांच्या चोची हालत हुत्या, म्हंजे बोलतच असनार. ह्यांची लई सय आली, मनातल्या मनात दोन शब्द बोलले ह्यांच्याशी. मग दिलं धाडून. पन अजून कुनाचा चकार शब्द न्हाई. तुलाबी मामांनी ग्रुपात घेतलंय, जरा ऐकून कळव. आवाज आलाच न्हाई का?

तुझी वाट बघनारी,
आत्या

—

भिंगार, १० जानेवारी २०२६

ती. आत्यास दिशाचा शिरसाष्टांग नमस्कार.

नावाआधी काहीच लिहिलं नाही, समजून घे. हाताला सौ. लिहायची सवय, ते आता चालत नाही, आणि गं. भा. लिहायला हात धजत नाही.

मी तो ग्रुप कधी उघडत नव्हते, तुझ्या पत्रानंतर उघडला. आत्या, कसं लिहू कळत नाही, पण तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे. आवाज छान आलाय. टिटवी आहे, तितर आहे. आणि तू आहेस. मनातल्या मनात नाही गं, तू मोठ्यानं बोललीस. हे कोण ओरडतंय ते सांगा की, मला नुसत्या चोची दिसतात, असं मामांना विचारत होतीस. मला एकटीला सोडून कशाला गेलात, म्हणालीस. आणि मग हंबरडा फोडलास. मी ऑफिसात होते, बाहेर येऊन रडले.

सगळ्यांनी ऐकलंय. म्हणूनच गप्प आहेत. वर नाव ‘कारभारीनाना’, आवाज तुझा, बिचाऱ्यांनी बोलायचं तरी कुणाशी?

न राहवून मी सत्यशीलाताईंना फोन केला. खूप रागावल्या. भाऊ गेला आणि मी त्यालाच शाब्बास म्हणत बसले, त्याच्या नावानं अंघोळसुद्धा करू दिली नाही मला, असं म्हणाल्या. मग तू वेळेवर जेवतेस का, ते विचारलं. अठराच्या रविवारी त्या येताहेत. सोबत ग्रुपातले गोरक्ष म्हणून कुणी आहेत, त्यांची गाडी आहे. मला रजा नाही, नाहीतर आलेच असते. दार लावून बसू नकोस. बसशीलच, मी काय तुला ओळखत नाही?

वेळेवर जेव. मायेत उणं पडू देऊ नकोस.
दिशा

—

पारनेर, १९ जानेवारी २०२६

॥ श्री ॥

चि. दिशास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून धरनी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी खरंच दार लावून घेतलं हुतं. गोरक्षनं खिडकीतनं हात हालवला तवा उघडलं. सत्यशीला आत आली, पाठीत एक धपाटा घातला न् गळ्यात पडली. ह्यांच्या फोटोपुढं दोघी बसलो. तिनं येतानाच डोक्यावरनं पानी घेतलं हुतं, केस वलेच हुते.

मग तलावावर गेलो. पाखरू बोललं की ती माझी हनुवटी धरून त्या अंगाला वळवायची. माळटिटवी घावली, चंडोल घावला. लई बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

घरी आल्यावर तिनं खुनेनं विचारलं, ग्रुपावर मी लिहू का? मी न्हाई म्हनले. इतके दिवस खोटं मी धाडलं, तर खरंबी मीच लिहायला पायजे. उभ्या जन्मात ह्यांचं नाव मी उखान्याबिगर तोंडातनं काढलं न्हाई. सातबाऱ्यावर, रेशनवर दुसऱ्यांनीच लिहिलं. काल पहिल्यांदा मी माझ्या बोटानं ते लिहिलं, न् एकबी अक्षर चुकलं न्हाई. कारभारी गेले, एवढंच लिहिलं.

लगेच सगळे हात जोडायला लागले. मी मोबाईल पालथा घातला. ती दोघं दिवस मावळायच्या आत निघाली.

लोभ हाय तसाच ठेव, न् पत्र लांब लिहीत जा. घरात आता दुसरं कुनी बोलनारं न्हाई.

तुझी आत्या,
मनकर्णा