आपलं शेत पिवळं कुणी केलं?

येशू, मरिया, योसेफ

प्रिय हेडीताई,

तुझा गुडघा कसा आहे? तिकडे ॲरिझोनात थंडी नावालाही नसते म्हणतात, म्हणजे त्याला दुखायला काही कारण उरलं नसावं. तरीही दुखत असेल तर कळव, नऊ दिवसांची नोव्हेना सुरू करते. माझी प्रकृती उत्तम आहे. भूक तेवढी गेली आहे, आणि ती काउंटीच्या कचेरीने घालवली.

काउंटीने पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करायला घेतलाय. शेती कुठे राहील, घरं कुठे होतील, म्हाताऱ्यांना फिरायला वाट कुठे आणि मुलांना घसरगुंडी कुठे, सगळं आत्ताच ठरणार. त्याचा रंगीत नकाशा घरोघर आला. चष्मा लावून पाहते तर तुझ्या-माझ्या नावावरचं मागचं चाळीस एकर पिवळं! सभोवार सगळं हिरवं, म्हणजे शेती. आणि मधोमध आपलं तेवढं पिवळं, म्हणजे घरं. पालकाच्या भाजीत अंडं फोडावं तसं. (सिस्टर आडेलगुंडे भूगोलाच्या तासाला नकाशे रंगवून घेत, आठवतं? माझ्या बोहेमियाचा रंग बव्हेरियात सांडला म्हणून मी दुपारभर व्हरांड्यात उभी होते, आणि तू खिडकीतून मला अर्धं सफरचंद दिलंस. तसं सफरचंद मी पुन्हा खाल्लं नाही.)

बाबांनी दगड वेचून केलेल्या त्या रानात घरं उभी राहिलेली मी जिवंतपणी बघणार नाही. म्हणून मी शोध सुरू केला. पहिला संशय शेजारच्या डेलबर्ट श्ट्रूववर. गेली तीस वर्षं तो ट्रकमधून जाताना ओळख द्यायला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, आपल्याकडे सगळेच उचलतात. या वसंतात मात्र त्याने अख्खा हात हलवला. माणूस उगाच अख्खा हात हलवत नाही. मी रस्त्यात उभी राहून त्याचा ट्रक थांबवला. "डेलबर्ट, माझ्या शेतावर डोळा आहे का तुझा?"

"ओटिलिया, बोट मोडलंय माझं. एकटं उचलता येत नाही, म्हणून सगळा पंजा उचलतो. शेत तुझं तुलाच लखलाभ, माझंच आवरत नाही मला."

(बोटाची पट्टी मी पाहिली. पट्टी काय, कुणीही बांधतं.)

मग संशय गेला आराखडा करणाऱ्या मिस लुंडीनवर. तिने जत्रेच्या मैदानावर, गुरांच्या शेडमध्ये, सगळ्यांना मत द्यायला बोलावलं होतं. कॉफी फुकट, रूबार्बच्या वड्या फुकट. सरकार वड्या का वाटतं, याचा विचार कुणीच करत नव्हतं. (मी केला, आणि दोनच खाल्ल्या.) प्रत्येकाला पाच हिरव्या आणि पाच लाल टिकल्या मिळाल्या, भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर चिकटवायला. शेजारी सूचनांचा फलक होता. मी तो वाचला नाही. नकाशा ज्यांचा, फलकही त्यांचाच. त्यात खरं काय असणार? लाल म्हणजे थांबा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी आपल्या चर्चची वेदी सजवणाऱ्या मंडळाच्या बायकांना गाठलं. "पोरींनो, माझं शेत वाचवायचंय. सगळ्या लाल टिकल्या तिथेच लावा."

"मला तो फलक तरी वाचू दे," इर्मगार्ड म्हणाली.

"अगं, वाचत कसली बसतेस? जन्मभर तिकिटामागचा मजकूर वाचलास, काय मिळालं? लाव!"

बारा बायका, साठ टिकल्या. शेताला गोवर आल्यासारखं दिसत होतं. मिस लुंडीन धावत आली, आनंदाने लाल झालेली.

"बाई, इतका पाठिंबा अख्ख्या काउंटीत कुठल्याच जागेला नाही!"

"कसला पाठिंबा?"

"घरांना! लाल म्हणजे इथे वस्ती हवी. हिरवी म्हणजे आहे तसं राहू द्या. फलकावर लिहिलंय ना."

मी नखाने टिकल्या खरवडू लागले. तेवढ्यात तिने नकाशाचा फोटोही काढला. (इर्मगार्डने फलकाकडे बघत आणखी एक वडी घेतली.)

बाकी सगळं ठीक. मका घोट्याएवढा झालाय. देव तुला सांभाळो.

तुझी धाकटी,
ओटिलिया

ता. क. मिस लुंडीनने मला फाइल दाखवली. टिकल्या नंतरच्या. शेत त्याआधीच पिवळं झालं होतं, आणि तसं ते मालकाने लेखी मागितल्याशिवाय होत नाही. अर्ज फेब्रुवारीत ॲरिझोनाहून आलाय. मालक आपण दोघी. फेब्रुवारीत मी इथे बर्फ उपसत होते.

आणखी एक. सुनावणी एकोणीस तारखेला आहे. अर्ज ज्याने केला त्यालाच तो मागे घेता येतो. कागद सोबत ठेवलाय, सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केली आहे. विकायचंच असेल तर सही करू नकोस. पण मग स्वतः येऊन माझ्यासमोर बोल. प्रत्येकाला तीन मिनिटं देतात.

शेवटचं. मी माझी तीन मिनिटं आरशासमोर म्हणून पाहिली. दुसऱ्याच मिनिटाला रडू आलं, आणि तोवर शेताचं नावही निघालं नव्हतं. सहीचं तू तुझं ठरव. माडीवरच्या तुझ्या खोलीत चादरी बदलल्या आहेत.