एकाच गिटारीची रेकॉर्ड

३ मार्च, सकाळी १०
संकल्प. महिन्याभरात माझी स्वतःची रेकॉर्ड. लॅटिन गिटार, मधूनच अरबी वळणं, गाणारं कुणी नाही. नावही ठरलं: ‘एकटा’. कव्हरवर फक्त मी. आधीच्या तिन्ही कव्हरांवर दादाचं नाव पहिलं. विचारलं की म्हणायचा, अरे, वर्णानुक्रम आहे तो. दादाला जाऊन आठ महिने झाले. खरं सांगायचं तर तो नुसती साथ करायचा. बायकोला हे सांगितलं. ती डबे लावत राहिली.

५ मार्च
रियाज ठरवलेला: चार तास. झालेला: चाळीस मिनिटं. दोष नखांचा. उजव्या अंगठ्याचं वाढवलेलं नख डबा उघडताना तुटलं. डबा बायकोने घट्ट लावला होता.

६ मार्च, दुपारी ३
दादाची गिटार भिंतीवर टांगलेली असते. मी थांबलो की ती गुणगुणते. घाबरायचं काही कारण नाही. एकीचा सूर दुसरीच्या तारांत घुमतो, हे शास्त्र आहे. तरी तिच्यावर चादर टाकली. धूळ बसते.

९ मार्च
चादरीतूनही येतो आवाज. शास्त्र जरा जास्तच होतंय. बायको म्हणते, तिला काहीच ऐकू येत नाही. तिला तसाही ठेका कळत नाही.

११ मार्च
गिटार वहिनीकडे पोचवली. घरात अडचण होते म्हटलं. तिने ती मांडीवर घेतली आणि विचारलं, यांच्या जागा आता कोण वाजवणार? कसल्या जागा, म्हटलं, सगळं मीच वाजवतो. घरी आलो. भिंतीवर नुसता खिळा. वाजवलं, थांबलो. ऐकू आलं.
शास्त्राचा विषय यापुढे बंद.

१५ मार्च
तब्येत उत्तम. फक्त दादाचा तो रुंबाचा ठेका, गिटारीच्या लाकडावर अंगठ्याची टकटक, दिवसभर चालू. दात घासतानाही. मध्येच रडू आलं. तुटलेल्या नखाला गोंद लावला होता, त्याच्या वासाने.

२० मार्च, संध्याकाळी ६
स्टुडिओ. आयुष्यातलं सर्वोत्तम वादन! पहिल्याच टेकमध्ये. भरगच्च, कुठे म्हणून फट नाही. रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून नुसता बघत राहिला. भारावला असणार.

२१ मार्च
रेकॉर्डिस्टचा फोन. दुसऱ्या गिटारवाल्यांना कधी आणताय, म्हणाला. दुसरे कोण, म्हणून तावातावाने गेलो. त्याने ऐकवलं. साडेचार मिनिटांच्या तुकड्यात दोन मिनिटं काहीच नाही. मी वाजवतो, थांबतो, वाट बघतो, पुन्हा वाजवतो. थांबतो तिथे माझा श्वास ऐकू येतो. काल मला तिथे सगळं भरलेलं ऐकू आलं होतं.
आणि जे वाजलं होतं, ती साथ होती. साथ मी करत होतो. इतकी वर्षं.

२३ मार्च
वहिनीला ऐकवलं. तिने डोळे मिटले. रिकाम्या जागा आल्या की तिचा पाय ठेका धरायचा. संपल्यावर म्हणाली, यात काही भरू नका भाऊजी, आहे तसंच राहू दे.
बायको शेजारी बसून होती. तिचाही पाय हलत होता.
रेकॉर्डिस्टने विचारलं, कव्हरवर काय लिहायचं? ‘एकटा’ खोडायला लावलं. दोघांची नावं घाल म्हटलं. दादाचं आधी.
वर्णानुक्रमाने.