मागचं स्टूल

२८ जानेवारी

हरली! डावरी हरली! आणि मला ते दुपारपासून माहीत होतं.

माझं लग्न झाल्यापासून सासूबाईंचं आणि माझं ठरलेलं आहे — मोठी मॅच एकमेकींशिवाय बघायची नाही. मॅच असते दुपारी, मी असते चष्म्याच्या दुकानात. मग त्या दिवसभर थांबतात. टीव्ही बंद, फोन आला तरी उचलायचा नाही, पेपरची घडी मोडायची नाही. नवरा सकाळी जाताना रेकॉर्डिंग लावून जातो. संध्याकाळी मी आले की चहा होतो, आणि आमच्या लेखी मॅच तेव्हा सुरू होते. जगाला काय कळलंय ते जगापाशी!

पण आज एक गिऱ्हाईक भेटलं. त्याचा डावा डोळा झाकून मी म्हणतेय, "खालची ओळ वाचा," तर वाचायचं सोडून म्हणतो, "मॅडम, ती टेनिसवाली डावखुरी गेली की हो हरून!" कान झाकायला माझ्याकडे तिसरा हात नव्हता.

घरी आल्यावर गप्प बसायचं ठरवलं. तिसऱ्या गेमलाच सासूबाईंनी टीव्हीवरची नजर काढून माझ्यावर लावली.

"हरते ना?"

"मला काय माहीत?"

"अगं, तुझा चेहरा आहे की स्कोअरबोर्ड?"

कबूल केलं. बोलणी बसली. मग नियम निघाला — जिला आधी कळलं असेल तिनं ते सांगून टाकायचं आणि मागच्या स्टुलावर बसायचं, म्हणजे तिचं तोंड दुसरीला दिसणार नाही. त्या स्वतः जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. "लोकांची भांडणं, सोयरिकी, मरणं, सगळं या कानांतून गेलं," म्हणाल्या, "पण आवाजात कधी काही उतरू दिलं नाही. 'थांबा, नंबर लागतोय.' बस्स! तुला तेवढंसुद्धा जमत नाही."

खरंच जमत नाही. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मी स्वतःला दुपारभर समजावत होते. नव्हे का?

१२ फेब्रुवारी

सासूबाईंना नवा चष्मा केला. फ्रेम मीच निवडली, काड्या गरम करून कानामागे नीट बसवल्या. मान खाली घालून डोकं हलवलं तरी जागचा हलत नाही! असं काम मनासारखं झालं की दिवसभर बरं वाटतं.

संध्याकाळी जुनीच एक मॅच लावून चष्म्याची परीक्षा झाली. "पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा दिसतंय ग! दुपारचे दोन वाजलेत." मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून, "इथे सात. आपलं काय, सगळं शिळंच!"

९ मार्च

कुठेच काही मोठं चालू नाही. सासूबाई कासावीस. सकाळी खिडकीतून समोरच्या दोन मुलांची सायकलची शर्यत बघत होत्या. निकालावर त्यांचा आक्षेप आहे.

८ जुलै

सायकलवाल्यांची मोठी शर्यत सुरू झाली. नवरा दारात उभा राहून पाच मिनिटं बघत होता. "हे सगळे चाललेत कुठे?"

"डोंगरावर," सासूबाई म्हणाल्या.

"आणि मग?"

"मग उतरणार."

"घरी बसले असते तरी तिथेच असते."

"तू घरीच बसलायस. कुठे पोचलास ते सांग."

रोज संध्याकाळी बसल्या बसल्या आधी कोपऱ्यातलं घड्याळ वाचतात. "चला, आपल्याकडे आता दुपारचा दीड!" तेव्हा कुठे आमची मॅच सुरू.

१९ जुलै

घात! मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाची सेमीफायनल. नवऱ्याने चॅनेल चुकवलं. आम्ही चहा घेऊन बसलो, तर दोन तास शेअर बाजार!

सासूबाईंनी दहा मिनिटं मन लावून बघितलं. मग विचारलं, "यात हरतंय कोण?"

नवरा म्हणाला, "मी."

बिचारा रात्रीचं जेवण होईपर्यंत स्वयंपाकघरातून बाहेर आला नाही. भांडीसुद्धा घासून टाकली.

२३ जुलै

फायनल. रेकॉर्डिंग नवऱ्याने तीनदा तपासलं होतं. आमची गोलकीपर — उंच, हात पसरले की निवडुंगासारखी दिसते, म्हणून तिचं नाव निवडुंग — शेवटची पेनल्टी तिच्या बोटांना लागून आत गेली. गुडघ्यांत डोकं घालून बसली. सासूबाई पडद्याशी बोलत होत्या, "ऊठ ग बाई. लागली होती बोटाला, आम्ही पाहिलंय. ऊठ."

त्यांना जिंकणारे फारसे लक्षात राहत नाहीत. अजून तीस वर्षांपूर्वी कोण कुठे पडलं, ते सांगतात.

२३ ऑगस्ट

जागतिक अ‍ॅथलेटिक्स. बायकांची मॅरेथॉन. पहिल्या तिघी केव्हाच पोचल्या, फोटो झाले. मी रिमोट उचलला, तर हातावर चापट! "अजून यायच्यात." शेवटची पोरगी लंगडत आली तोवर अर्धे लोक निघून गेले होते. सासूबाई उठून उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवल्या.

बसताना चष्मा नाकावरून घसरला. वर केला. पुन्हा घसरला.

फेब्रुवारीत मी स्वतः बसवलाय तो. काड्या मी स्वतः वळवल्यात. फ्रेम सैल झाली असेल म्हणून काढून पाहिली, तर फ्रेम होती तशीच आहे. चेहरा बारीक झालाय.

रोज समोर बसते मी त्यांच्या. पाहत काय होते?

२ सप्टेंबर

हट्टाने डॉक्टरांकडे नेलं. "जेवण कमी झालंय," इतकंच सासूबाईंनी सांगितलं, तेही माझ्याबद्दल तक्रार केल्याच्या सुरात. डॉक्टरांनी पोट एकाच जागी दोनदा दाबून बघितलं. तपासण्या सांगितल्या. परत येताना रिक्षात सासूबाई डावरीबद्दलच बोलत होत्या — या महिन्यात पुन्हा मोठी स्पर्धा, या वेळी तिचा सर्व्ह सुधारलाय.

९ सप्टेंबर

दुपारी डॉक्टरांनी दुकानात फोन केला. स्वादुपिंडाचा आहे. यकृतापर्यंत पोचलाय. या वयात ऑपरेशन नको, त्रास होणार नाही असं पाहू. किती, असं विचारलं. "पुढचा उन्हाळा पाहतील अशी आशा करू या," म्हणाले.

नवऱ्याला दुकानात बोलावून घेतलं. आरशांच्या मध्ये उभा राहून रडला. सगळीकडे तोच रडताना दिसत होता. मग तोंड धुऊन म्हणाला, "आईला सांगायचं नाही. ती खचेल. शपथ आहे तुला." मी म्हटलं, "आणि त्यांनी विचारलं तर?" म्हणाला, "तू समोर जाऊ नकोस. तुझा चेहरा..."

पण समोर न जाऊन कसं चालेल? आज डावरीची फायनल!

घरी पोचले तर टीव्ही लावलेला, पहिलाच गेम चालू. "ये, आत्ताच लावलंय," सासूबाई म्हणाल्या. शेजारची खुर्ची माझ्यासाठी पुढे ओढलेली. मी दारातच थांबले. मग एकदम सुचलं.

"मला कळलंय," मी म्हटलं. "दुकानात एक जण बोलून गेला."

खोटं. मॅचबद्दल मला एक अक्षर कळलं नव्हतं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. जरा वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "मग मागे बस. आणि सांगू नकोस. मला शेवटपर्यंत बघू दे."

मी मागच्या स्टुलावर बसले. माझा चष्मा भिजला, काढून पदरात ठेवला. पुढे सगळा धुरकट हिरवा-निळा रंग आणि त्यांचा बारीक अंबाडा, एवढंच दिसत होतं. घड्याळाचा रोजचा विनोदही आज झाला नाही. तिसऱ्या सेटला तर मी सगळं विसरले, आणि शेवटचा फटका पडल्यावर माझ्याच तोंडून निघालं, "जिंकली!"

जीभ चावली. मला तर हे आधीच माहीत असायला हवं होतं!

सासूबाई मागे वळल्या नाहीत. "माहीत असूनसुद्धा एवढी ओरडतेस?" म्हणाल्या, आणि हसल्या. हात मागे करून माझा गुडघा थोपटला.

सुटले. त्यांना काही कळलं नाही.

१० सप्टेंबर

सुटले म्हणजे काय? शरीर त्यांचं, आजार त्यांचा, आणि ठरवणारे आम्ही. शेवटची ओळ दिसत नसेल तर मी रोज लोकांना तसं तोंडावर सांगते. तो माझा धंदा आहे. नवरा म्हणतो, "तिचं हसणं बघ ना. ते घालवायचंय का तुला?" त्याचं चुकतंय असंही म्हणवत नाही. पण मला त्यांचं हसणं जपायचंय, की सांगायच्या वेळी त्यांच्याकडे बघावं लागेल ते चुकवायचंय?

१४ ऑक्टोबर

गोळ्या सुरू आहेत. ताकदीच्या, असं आम्ही सांगितलंय. सासूबाई मुकाट घेतात. आज नवऱ्याला म्हणाल्या, "एवढी ताकद आली, तर पुढच्या वर्षी मलाच उतरव मैदानात." तो हसायला गेला आणि त्याला ठसका लागला.

काड्या पुन्हा आत वळवल्या. आता वळवायला फार जागा उरलेली नाही.

मी मागच्याच स्टुलावर बसते. दर वेळी कुणीतरी दुकानात बोलून गेलेलं असतं.

२६ नोव्हेंबर

नवऱ्याला रेकॉर्डिंगचा तास लागला. सासूबाई शिकवणार, हा शिकणार.

"हे बटण. मग तारीख. मग वेळ. आणि पाऊस आला तर मॅच लांबते, म्हणून पुढचे दोन-तीन तास जास्तीचे धरायचे."

"मला कशाला? तू आहेस की सांगायला."

"मी झोपलेली असले तर? हिची मॅच बुडायला नको." मग माझ्याकडे बोट करून, "हिला शेअर बाजार दाखवशील तर बघ!"

३१ डिसेंबर

टीव्हीवर वर्षभराच्या खेळांचा कार्यक्रम. आम्ही सगळं पाहिलेलं, तरी बसलो. निवडुंगाची बोटं. लंगडणारी पोरगी त्यात नव्हती — सासूबाईंनी निषेध नोंदवला. मग डावरी, हातात चषक. निवेदक म्हणाला — दिवसभर पाऊस पडत होता. सामना सुरू झाला तोच भारतीय वेळेनुसार संध्याकाळी.

संध्याकाळी. म्हणजे मी घरात पाऊल टाकलं तेव्हा ती मॅच तिथे खरोखर चालू होती. रेकॉर्डिंग नव्हतंच ते. पडद्यावरच्या घड्याळात आणि भिंतीवरच्या घड्याळात एकच वेळ होती, आणि तो चष्मा मीच करून दिला होता. निकाल कुणालाच, जगात कुणालाच माहीत नव्हता, तेव्हा मी दारात उभी राहून म्हणाले होते — मला कळलंय.

सासूबाईंची नजर पडद्यावर होती. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

मी उठले. चष्मा पुसून लावला, आणि स्टूल उचलून त्यांच्या शेजारी ठेवलं.

"आलीस?" म्हणाल्या. "किती वाट बघायला लावलीस!"