शमीच्या पिशव्या

बावडा, ता. इंदापूर
९ मार्च १९९५

चि. जोतीरामास म्हाळसाअक्काचे आशीर्वाद.

हितं समदी बरी हायेत. सूनबाई जयवंताचा खोकला गेला, मी सांगते तसं हे तीच लिवती. मेंढ्या चाळीस उरल्यात, त्यातल्या सहा गाभण.

आता ज्यासाठी पत्र लिवते ते. काल सरपंच मोहनराव पारावर सांगत हुते, की वरच्या माळाची माती वाहून जाती म्हणून तितं झाडं लावायची, आन् कोणती लावायची ते जळोचीचा जोतीराम ठरवणार. माझ्या भावाची गोष्ट मला पारावरनं कळावी? दहा वर्सांमागचं ध्यानात हाय का? तवाबी झाडं लावतो म्हणून माळाभवती कुंपणाच्या तारा मारल्या. निलगिरी लावली. खाली गवताची काडी उगवली न्हाय, आन् तारा आजपतूर निघाल्या न्हायत. झाडाच्या नावानं माळ कुणाच्या तरी घशात जातो. ह्या येळंला त्यात माझा भाऊ हाय का, ते मला कळाय पायजे. रोपं तुझ्या मालकाच्या, फारुकभाईच्या रोपवाटिकेतनं येणार म्हणं. त्यांना मी वळखत न्हाय. तू लहानपणी खोटं बोलताना कान खाजवायचास. पत्रात मला कान दिसत न्हाय, म्हणून सरळ लिव.

माया हाय म्हणून विचारते, न्हायतर गप बसली असती.

तुझी अक्का

जळोची, बारामती
२० मार्च १९९५

ती. म्हाळसाअक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं, दोन्ही वेळा बोलणी बसली. तुला आधी विचारायचं राहिलं, ही चूक माझी. पण आत्ता फाल्गुनात नावं ठरली तरच बी पिशवीत पडतं आणि पावसाळ्यापर्यंत लावण्याजोगं रोप होतं, म्हणून घाई झाली.

निलगिरी नाही, सुबाभूळ नाही. आपल्या माळावर बिनपाण्याचं जे पहिल्यापासून टिकलंय तेच निवडलंय: शमी, हिवर, बोर, खैर, आणि ओढ्याच्या काठाला करंज. मधून मधून करवंदीची जाळी, कारण उतारावर माती झुडूपच धरतं. तरवडाला मेंढरं तोंड लावत नाहीत म्हणून तो बाहेरच्या कडेला. अर्धा माळ दोन वर्षं बंद, अर्धा तुझ्या मेंढ्यांना उघडा, मग अदलाबदल. हे ठरावात लिहिलंय. मोहनरावांकडं जा आणि जयवंताकडून वाचून घे.

फारुकभाई साधा माणूस आहे. शमीच्या शेंगा त्यांनी गेल्या आषाढात स्वतः फिरून वेचल्यात. माळावर पाणी कुठून धावतं ते तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. तेवढं कळव, म्हणजे झुडपं तिथं घालता येतील.

लहान भावावरचा राग लवकर उतरो.

तुझा
जोतीराम

बावडा
२० जुलै १९९५

जोतीरामास आशीर्वाद.

मंगळवारी टेम्पोनं रोपं आली. साळंपुढं उतरवली. तुझी चिठ्ठी वाचून जयवंता पिशव्या दाखवत हुती. बोर बोरच हाय, खैर खैरच. शमीच्या पिशव्यांपाशी मी बसले. जोतीराम, ती शमी न्हाय. निम्म्या पिशव्यांत वेडी बाभूळ हाय. जी सोता हटत न्हाय आन् दुसरं काय वाढू देत न्हाय, ती.

मी ग्रामसभेत उभी राहिले आन् सांगितलं, की बारामतीच्या फारुकभाईनं शमी म्हणून वेडी बाभूळ घातली आन् गावाला फसवलं. मोहनरावांनी लावणी थांबवली. शमीच्या पिशव्या उन्हात पडून हायेत, कुणी पाणी घालत न्हाय.

आता एकच सांग. तुलाबी फसवलं, का तुला ठावं हुतं? दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाय.

अक्का

जळोची
२६ जुलै १९९५

ती. अक्कास सा. न.

पत्र मिळताच फारुकभाईंना वाचून दाखवलं. ते उठले आणि मागं उरलेल्या शमीच्या पिशव्या एकेक उकरून बघायला बसले. मीही बसलो. बऱ्याच पिशव्यांत दोन रोपं निघाली. बारकी शमी आणि तिच्यावर चढलेली वेडी बाभूळ. दोन्ही एकाच जातकुळीची, कोवळेपणी पान सारखं दिसतं. दुसऱ्या झाडांच्या पिशव्यांतून आम्ही ती तण म्हणून उपटली. शमीच्या पिशव्यांत शमीच समजून ठेवली.

आता ती आली कुठून? अक्का, पिशव्यांच्या मातीत लेंडीखत घातलं होतं. ते शिमग्याआधी मी तुझ्याच मेंढवाड्यातून नेलं होतं. तुझ्या मेंढ्या ओढ्याकडेला वेड्या बाभळीच्या शेंगा खातात. बी पोटात मरत नाही, लेंडीतून जसंच्या तसं बाहेर पडतं. हे माझ्या आधी ध्यानात यायला हवं होतं.

वेड्या बाभळीचे काटे पानाच्या बगलेत जोडीजोडीनं असतात. शमीचे सुटे, खोडावर कुठंही. पाहून वेडी तेवढी मुळासकट काढ. फारुकभाईंनी मनावर घेतलेलं नाही. तूही जिवाला लावून घेऊ नकोस.

होतो तसाच तुझा
जोतीराम

बावडा
११ ऑगस्ट १९९५

चि. जोतीरामास आशीर्वाद.

तुझं मला पटलं न्हाय. मालकाला वाचवायला तू माझ्या मेंढ्यांवर ढकललंस, आसं वाटलं. म्हणून वाड्यातली मूठभर लेंडी फुटक्या घमेल्यात घातली, दुसरं बी पडू नये म्हणून वर झाकण ठेवलं, रोज पाणी दिलं. नवव्या दिवशी कोंब आले. ओढ्याकडंला शमी न्हाय, तवा ती वेडीच.

काल ग्रामसभा हुती. मी उभी राहिले आन् म्हणाले, की फारुकभाईनं फसवलं न्हाय, खोट माझ्या वाड्यातनं गेली, आन् मी न इचारता त्यांचं नाव घेतलं. कुणी हासलं न्हाय. हासले असते तर बरं वाटलं असतं. मग मी आन् जयवंता साळंपुढं बसून पिशव्या निवडल्या. उन्हानं पुष्कळ शमी वाळली. जगली तेवढी काल लावली.

मेंढ्या आता ओढ्याकडं सोडत न्हाय. उन्हाळ्यात त्या शेंगांवरच निभायचं. त्यांच्या पोटाला काय घालायचं, ते तू सांग.

आन् एक. फारुकभाईनं मनावर घेतलं न्हाय, हे मला खरं वाटत न्हाय. मी आसते तर घेतलं असतं. त्यांना सोताच्या हातानं चार ओळी लिवायला सांग.

जीव लावणारी, संशयी
अक्का

जळोची
१९ ऑगस्ट १९९५

म्हाळसाअक्कांना फारुकचा सलाम.

जोतीरामनं तुम्हाला बरं वाटावं म्हणून तसं लिहिलं. मी मनावर घेतलं आहे. तुमच्या सभेतलं बोलणं इथल्या बाजारात दोन दिवसांत पोचलं आणि दोन गावांनी रोपं नाकारली. तुम्ही पुन्हा उभं राहून सांगितलंत, त्यावर एक गाव परत आलं. दुसरं अजून नाही. राग जायला वेळ लागेल, खोटं कशाला लिहू.

शमीची दीडशे रोपं अजून माझ्याकडं आहेत. आपल्याकडचा खरा पाऊस भाद्रपदात पडतो, तेव्हा लावणी जमेल. आम्ही ती निवडली आहेत, पण इथून जाण्याआधी प्रत्येक पिशवी पुन्हा तपासायला हवी. जोतीराम माझ्यावर विश्वास ठेवतो, म्हणून त्याच्या नजरेतून सुटलं. माझ्यावर विश्वास नसलेलं माणूसच या कामाला पाहिजे. तुम्ही या. सकाळच्या एसटीनं आलात तर संध्याकाळपर्यंत होईल.

जेवण आमच्या घरी करावं, ही विनंती.

आपला
फारुक