हरिचंद्रभावजींच्या फियाटचं टायमिंग

बेलवली, बदलापूर (प.)
दसऱ्यानंतरचा रविवार

ती. उमाताईस धाकट्या शशिकांतचा नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? अनीशच्या इमारतीला लिफ्ट आहे, तेव्हा चढत नसशीलच, तरी विचारणं माझं काम. इकडे मालिनी ठणठणीत आहे (ती आजारी पडली तर मला बोलणार कोण?) आणि मीही बरा आहे, उजव्या हाताचा अंगठा तेवढा सोडून. त्याचीच हकीकत लिहायची आहे. फोनवर सांगितली असती, पण तुझा मुलगा फोन स्पीकरवर ठेवतो आणि नको तिथे हसतो. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

भावजींच्या फियाटबद्दल तू घातलेली अट मी विसरलेलो नाही. दिवाळीच्या आत ती चालू झाली तर माझी, नाहीतर उल्हासनगरच्या भंगारवाल्याचा टेंपो येऊन तिला घेऊन जाणार. मांजर्लीत पुराचं पाणी बॉनेटपर्यंत चढलं, त्यानंतर तुमच्या बिल्डिंगखालून मीच ती ओढून माझ्या दारात आणली. भावजी गेल्यावर ती गाडी डोळ्यांसमोर नको, असं तू म्हणालीस. कबूल. पण ज्या गाडीतून मी मालिनीला लग्न करून घरी आणलं, ती कुणी कापून किलोवर विकावी हे मला सहन होत नाही, असं स्पष्टच लिहितो.

तर सगळा रोग डिस्ट्रिब्युटरमध्ये होता. डिस्ट्रिब्युटर म्हणजे तो काळ्या टोपीचा, डोक्यातून वायरी निघालेला भाग, जो चारही सिलिंडरना पाळीपाळीने ठिणगी वाटतो. त्यात नदीचा गाळ शिरला होता. मी तो बाहेर काढला, आणि काढण्याआधी मालिनीच्या नेलपॉलिशने त्याच्यावर आणि इंजिनावर एकेक रेघ मारली, म्हणजे परत बसवताना रेघेला रेघ जुळवली की झालं. (या हुशारीबद्दल मी स्वतःवर फार खूश होतो.) मग आतले, ठिणगी पाडणारे नवे पॉइंट आणायला उल्हासनगरला गेलो. दुकानदाराने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "साईं, ये गाडी अभी जिंदा है?" तेव्हा मला हसू आलं होतं.

परत आलो तो दसऱ्याचा दिवस. मालिनीने पूजेसाठी माझे पाने, हातोडी आणि मधोमध डिस्ट्रिब्युटर पाटावर मांडलेला. मळकी वस्तू देवापुढे कशी ठेवायची, म्हणून तिने तो चिंच आणि काथ्या घेऊन समईसारखा लख्ख घासला होता. नेलपॉलिशचा मागमूस नाही. त्याच्या जागी कुंकवाचं बोट आणि वर झेंडू. त्यात शेजारच्या राजरत्नने मदत म्हणून गाडी सावलीत ढकलली, ती नेमकी गिअरमध्ये, म्हणजे इंजिनही फिरलं. सगळंच नव्याने जुळवायची पाळी आली.

नियम असा, की पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आला की आतल्या फिरत्या रोटरचं तोंड त्याच सिलिंडरच्या वायरीकडे करून डिस्ट्रिब्युटर खाली सोडायचा. पण पिस्टन वर येतो दोनदा, एकदा हवा दाबत आणि एकदा धूर बाहेर टाकत, आणि इंजिनाच्या पुढच्या पुलीवरची खूण दोन्ही वेळा सारखीच जुळते. दोनातली चुकीची वेळ मी अचूक निवडली. गाडीने कार्बोरेटरमधून असा बार काढला, की समोरच्या सोसायटीच्या वॉचमनने खुर्ची सोडली.

म्हणून काल भर दुपारी खरी रीत केली. पहिला प्लग काढायचा, भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि दुसऱ्याने पुढून हँडल हळूहळू फिरवायचं. अंगठ्याला खालून हवेचा रेटा बसू लागला, की तीच खरी वेळ. वीज गेलेली, गल्लीत चिटपाखरू नाही. मी मालिनीला हाक मारली, तिचं "आले" ऐकलं आणि बॉनेटखाली डोकं घातलं. हँडल फिरू लागलं, अगदी सावकाश, एका लयीत. अंगठ्याखाली श्वास आला. मी हवा म्हणत नाही, श्वास म्हणतो. त्याला पेट्रोलचा वास यायला हवा होता, लवंगेचा आला. (भावजी कामाला वाकले की जिभेखाली लवंग धरायचे, हे तुला काय सांगायचं?) रेटा वाढला, पुलीची खूण जुळली आणि मी "बस" म्हणायच्या आत हँडल थांबलं.

शाबासकी द्यायला डोकं बाहेर काढलं तर हँडलपाशी कुणीच नाही. मालिनी दारातून येत होती, हात कणकेने माखलेले. म्हणाली, "अहो, हात धुऊ की असंच फिरवू?"

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. सगळी नोकरी अंबरनाथच्या कारखान्यात खरेदी खात्यात काढलेला माणूस पावतीशिवाय कशावरच विश्वास ठेवत नाही. मी पाणी प्यायलो, डिस्ट्रिब्युटर बसवला, आणि ताई, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मग त्याला आवळून धरणारी पट्टी जरा ढिली ठेवून डिस्ट्रिब्युटर हाताने किंचित फिरवत, आवाज ऐकत, नेमकी जागा शोधायची असते. मी तो पुस्तकात दिल्याप्रमाणे ठेवला. तो सरकला. परत आणला, परत सरकला. तिसऱ्यांदा मी जोर लावला, तेव्हा माझ्या मनगटावर दाब आला. रागाचा नाही, लहान पोराचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घेतात, तसा. हात जिथे गेला तिथे इंजिन एकदम गोड चालू लागलं. खाली वाकून बघतो तर डिस्ट्रिब्युटरच्या मानेवर चिंचेने उघडी पडलेली एक बारीक जुनी चीर, आणि तिच्यासमोर इंजिनावर दुसरी. स्क्रू-ड्रायव्हरने ओढलेल्या. भावजींच्याच हातच्या. मला भीती वाटली, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. मग मी किल्ली काढून खिशात टाकली. गाडी त्यानंतरही थोडा वेळ चालत राहिली. अंगठा अजून गार आहे.

असो. अट पूर्ण झाली आहे. टेंपोवाल्याला नको म्हणून कळवावं. अनीशला आशीर्वाद.

तुझा,
शशिकांत

ता. क. मालिनीने पत्र वाचलं. ती म्हणते, हँडल तिनेच फिरवलं, मग कुकर बंद करायला आत गेली, आणि मला ऊन लागलं. मी विचारलं, मग हँडलला कणीक कशी नाही? ती म्हणाली, जेवायला चला.

ता. क. २. मामाने गाडीसाठी भूत रचलं, असं अनीश म्हणेल. म्हणू दे. गाडी मला हवीच आहे, लपवत नाही. पण आज सकाळी ड्रायव्हरची सीट भावजींसारख्या लांब पायांच्या माणसाला लागते तेवढी मागे सरकलेली होती, आणि मी काही तिच्यात बसलो नाही. तेव्हा गाडी मी ठेवतो, भावजींना मात्र तू येऊन घेऊन जा. त्यांच्या शेजारी बस आणि नेहमीच्या आवाजात "चला आता घरी" एवढंच म्हण. माझं त्यांनी जन्मात ऐकलं नाही. तुझं ऐकतील.