ताईझचं घर

औरंगाबाद, फेब्रुवारी २०२२

नबील,

तुझ्या लेकाची, अम्मारची परीक्षा चालू आहे. माझ्याकडेच राहतो. वेळेवर जेवला नाही तर मी रागावते.

आपण बी.ए.ला असताना तुम्ही येमेनची मुलं खोलीवर एकाच परातीत भात खायचात. "बैठो ना, करुणा," तू म्हणालास आणि मी दारातच थांबले. आमच्या देवगावात आम्हा बौद्धांना चहाचा कपसुद्धा वेगळा असे. मग बसले. तसा भात पुन्हा कुठं मिळाला नाही. तेव्हा उत्तर आणि दक्षिण असे येमेन दोन होते. एक झाले की साऱ्या वर्गाला जेवण देणार होतास.

आता सात वर्षं सौदीची विमानं तुमच्या युद्धात आहेत. तुझं ताईझ शहरही मधोमध वाटलं गेलं. स्फोटात तुझ्या घराचा वरचा मजला पडला, पण ते अम्मारला सांगायचं नाही, अशी शपथ तू मला घातलीस. परीक्षा टाकून तो तिकडं धावेल, ही तुझी भीती. जन्मभर मी पोरांना खोटं बोलू दिलं नाही, आता स्वतः बोलते आहे.

काल जेवताना तोच म्हणाला, "खाला, घर का मेरेकू मालूम है. दोस्त ने फोटो भेजा. अब्बा को नक्को बोलो."

"मग जाणार आहेस का?"

"नै. पेपर देतौं. अब्बा उसीच आस पे हैं."

हे तुला कळवायला बसले होते. पण शब्द आता दोघांनाही दिलाय, म्हणून हे पत्र टाकणार नाही. संध्याकाळी तुझा फोन येईल. तू हसत विचारशील, तो हसत सांगेल, आणि मी शेजारी बसून दोघांपैकी कुणावरच रागावणार नाही.

तुझी वर्गमैत्रीण,
करुणा